कढीपत्त्याच्या कुंडीतून पंधरा हजार अक्षरं: फुलपाखराचा मायटोजीनोम पहिल्यांदा काढताना

ऐरोलीला आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची एक कुंडी आहे. पावसाळा लागला की तिच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा एक डाग दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी तो डाग शेजारच्या पानावर गेलेला असतो. ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. मग पुढचे दोन-तीन आठवडे आई रोज विचारते, "फोडणीपुरती तरी पानं ठेवलीत का तुझ्या पाहुण्यांनी?"

ठाणे-वाशीकडच्या कॉलेजांतली मुलं प्रोजेक्टच्या निमित्ताने विचारायला येतात: "सर, फुलपाखराचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम काढायचाय, कुठलं मशीन चांगलं?" सगळ्या प्रवासात मशीन हाच एक टप्पा असा आहे की तिथे तुमचा हात लागत नाही. ट्यूब द्यायची, काही आठवड्यांनी फाइल घ्यायची. कामाचं भलंबुरं ठरतं ते ट्यूब देण्याच्या आधी आणि फाइल आल्याच्या नंतर. म्हणून या लेखात मशीनला एकच परिच्छेद मिळेल, मुंग्यांइतकाच.

काढायचं काय, आणि त्यातून कळणार काय नाही

फुलपाखराच्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. केंद्रकातला मोठा, कॉमन मॉर्मनच्या बाबतीत सुमारे २३ कोटी अक्षरांचा (अक्षरं चारच: ए, टी, जी, सी). आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला छोटा, बांगडीसारखा गोल, १५,००० अक्षरांच्या थोडा वर; हाच मायटोजीनोम. या बांगडीवर ३७ जीन्स असतात: १३ प्रथिनांचे, आणि प्रथिनं बनवायला मदत करणारे २२ टीआरएनएचे, २ आरआरएनएचे. शिवाय जीन नसलेला एक तुकडा, कंट्रोल रीजन, जो जवळजवळ सगळा ए आणि टी या दोनच अक्षरांनी भरलेला असतो. ही बांगडी आईकडून येते आणि प्रत्येक पेशीत तिच्या ढीगभर प्रती असतात. या ढिगामुळेच आपलं काम स्वस्तात होतं. ते पुढे हिशोबात दिसेल.

आता मर्यादा. कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत दिसते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोजची हुबेहूब नक्कल, तिसरी क्रिमसन रोजची. ही दोन्ही 'रोज' फुलपाखरं पक्ष्यांना खायला नकोशी, म्हणून त्यांचं सोंग फायद्याचं. एका मुलीला दोन रूपांच्या माद्यांचे मायटोजीनोम तुलनेला घ्यायचे होते, "फरक कुठे आहे ते बघायला." तिला मी थांबवलं. तो फरक केंद्रकात आहे, डबलसेक्स नावाच्या जीनमध्ये. संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये दाखवून दिला. पंखांचं सोंग मायटोकॉन्ड्रियाला विचारून उपयोग नाही. त्याला नातेसंबंध विचारा: ही प्रजात कोणाच्या जवळची, इथले नमुने आणि दूरच्या प्रदेशातले नमुने किती वेगळे. आधी आपला प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे का ते कागदावर लिहून बघा.

पायरी १: परवानगी

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय मेलेलं फुलपाखरूसुद्धा उचलायचं नाही. कर्नाळ्याला तेच. ठाण्याजवळच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू बागेत जा, डोळे भरून बघा, फोटो काढा. नमुना मागू नका. उद्यानाबाहेरही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असतोच. त्याच्या अनुसूचींमध्ये बरीच फुलपाखरं आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीत त्या याद्या बदलल्या, त्यामुळे वरिष्ठांनी दिलेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका. ब्लू मॉर्मनचा मोह सगळ्यांना होतो, २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे. पहिल्या प्रयोगासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक. "परदेशातला मित्र फुकट सिक्वेन्स करून देतो" अशी ऑफर कधीमधी येते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नमुना असा बाहेर पाठवता येत नाही, त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. नाही म्हणा.

पायरी २: नमुना घरीच वाढवा

नवख्याने जाळी घेऊन फिरण्यापेक्षा कढीपत्ता किंवा लिंबाची कुंडी ठेवावी. अळी कधी दिसली, कोणत्या झाडावर होती, कोष कधी झाला, फुलपाखरू कधी निघालं, सगळी नोंद आपोआप तुमच्याकडे राहते.

अळी आधी तपकिरी-पांढरी असते, शेवटच्या कातीनंतर हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. त्याला घाबरू नका. फांदीसकट एका डब्यात ठेवून तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. तिने स्वतःला दोऱ्याने फांदीला बांधून कोष केला की हलवू नका. कोष तपकिरी पडून आठवडे गेले तरी काही निघेना, तर नीट निरखा. एकदा माझ्या कोषाला टाचणीने टोचावं तसं भोक दिसलं, आणि डब्याच्या तळाशी मोहरीहून बारीक गांधीलमाश्या फिरत होत्या. त्यांच्या आईने आधीच कोषात अंडी घातली होती.

फुलपाखरू निघालं की दोन रस्ते. मधला किंवा मागचा एक पाय चिमट्याने काढून फुलपाखरू सोडून द्यायचं. एका पायावर बारकोडचं (प्रजात ओळखायच्या छोट्या डीएनए-तुकड्याचं) काम निभतं, आणि लायब्ररी (मशीनला देण्यासाठी तयार केलेला डीएनए) बनवणारा हात चांगला असेल तर मायटोजीनोमही निघतो. किंवा ते आपल्या मौतीने मरेपर्यंत थांबायचं आणि छाती घ्यायची. छातीत उडण्याचे स्नायू असतात, आणि उडायला ऊर्जा लागते म्हणून तिथे मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले. सगळ्यात चांगला माल तोच. पोट घेऊ नका: त्यात खाल्लेलं, जिवाणू, कधी परजीवी, सगळ्यांचा डीएनए येतो. डोकंही नको, डोळ्यांतली रंगद्रव्यं पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्यात, विघ्न आणतात.

दुसरा रस्ता धरलात तर एक लक्षात ठेवा, आपल्या हवेत मेलेला किडा टिकत नाही. मी पहिलं फुलपाखरू फोटोसाठी रात्रभर टेबलावर ठेवलं होतं. जुलै महिना. सकाळी चार पंख जागच्या जागी, अगदी फोटोसारखे मांडलेले, आणि मधोमध काही नाही. भिंतीवरून मुंग्यांची रांग स्विचबोर्डात शिरत होती, शेवटच्या दोघी एक पाय ओढत नेत होत्या. म्हणून डबा दिवसातून तीनदा बघा, मेलेलं दिसलं की फोटो झटपट आणि नमुना लगेच गार.

पायरी ३: साठवण आणि चिठ्ठी

लॅबमध्ये शुद्ध इथेनॉल असेल तर त्यात, तेही ९५ टक्क्यांच्या वरचं. हातावर चोळायचं सॅनिटायझर आणि फर्निचरवाल्याचं स्पिरिट ही दोन्ही बाद. पहिल्यात पाणी जास्त, दुसऱ्यात काय काय मिसळलेलं ते देव जाणे. शुद्ध अल्कोहोल एक्साइजच्या नियमांत येतं, दुकानात जाऊन मिळत नाही, ते कॉलेजमार्फतच घ्या. तोवर घट्ट झाकणाच्या ट्यूबमध्ये घालून घरचा फ्रीझर चालतो. आमच्याकडे ती ट्यूब सुरमईच्या पिशवीशेजारी असते, म्हणून तिला वेगळा डबा आहे आणि डब्यावर आईच्या अक्षरात "खायचं नाही" लिहिलंय.

चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा आणि ट्यूबच्या आतही एक टाका. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. माझ्या तीन ट्यूब एकसारख्या निळसर पाण्याच्या झाल्या होत्या आणि कुठली कुठली ते आजतागायत कळलेलं नाही. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, झाड, नाव, नमुन्याचा क्रमांक. पंख बटर पेपरच्या त्रिकोणी पाकिटात वेगळे जपा. तोच तुमचा पुरावा: उद्या कोणी म्हणालं की हे फुलपाखरू हे नव्हेच, तर दाखवायला काहीतरी हवं.

इथेनॉलची बाटली पिशवीत घालून ट्रान्स-हार्बरने निघू नका. ज्वालाग्राही पदार्थ लोकलमध्ये चालत नाही, कुरिअरवालेही घेत नाहीत. त्यापेक्षा डीएनए आपल्याच लॅबमध्ये काढून घ्या. बफरमधला डीएनए ट्यूबला पॅराफिल्म गुंडाळून, बर्फाच्या पॅकसोबत, निवांत नेता येतो.

पायरी ४: डीएनए काढणे

सिलिका कॉलमचं तयार किट घ्या, जुन्या फिनॉल-क्लोरोफॉर्मची हौस नंतर भागवा. छातीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. जास्त घातला की कॉलम तुंबतो आणि हाती कमी लागतं. इथेनॉल पूर्ण उडू द्या, तुकडा बारीक चेचा, मग पेशी फोडणारं लायसिस बफर आणि प्रथिनं पचवणारं प्रोटीनेज के घालून ५६ अंशांवर रात्रभर. किटच्या पुस्तिकेत एक ते तीन तास लिहिलेलं असतं, पण किड्याच्या कवचाला रात्र द्यावी. सकाळी आरएनेज घाला, पुढे पुस्तिकेप्रमाणे. शेवटी बफर कॉलमवर टाकल्यावर पाच मिनिटं थांबा, मगच सेंट्रिफ्यूज. पाय वापरला असेल तर शेवटचा बफर कमीच, ३० ते ५० मायक्रोलिटर.

नॅनोड्रॉप या प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० चा आकडा १.८ च्या आसपास आला की मुलं पेढे वाटायला निघतात. तो आकडा शुद्धतेचा अंदाज देतो, पण डीएनए किती आहे हे सांगताना आरएनएही त्यातच मोजतो. प्रमाणासाठी फक्त डीएनए मोजणारं क्युबिट यंत्र. आणि एक टक्का अ‍ॅगरोज जेलवर थोडा पळवून बघाच: वर घट्ट पट्टा असेल तर उत्तम, खालपर्यंत धूर पसरला असेल तर डीएनए तुटलाय. तुटलेला डीएनए छोट्या रीड्सच्या (रीड म्हणजे मशीनने एका दमात वाचलेला तुकडा) मशीनला बराच चालतो, लांब रीड्सच्या मशीनला नाही.

पायरी ५: आधी बारकोड

ही पायरी वगळणारे नंतर माझ्याकडे येतात. पैसे मोठ्या सिक्वेन्सिंगवर घालण्याआधी सीओआय जीनचा ६५८ अक्षरांचा बारकोड पीसीआरने वाढवा आणि साध्या सँगर पद्धतीने वाचून घ्या. प्राइमर, म्हणजे पीसीआर कुठून सुरू करायची ते ठरवणारे छोटे तुकडे, एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८; १९९४ पासून जगभर तेच चालतात. सोबत एका ट्यूबमध्ये डीएनएऐवजी नुसतं पाणी ठेवा. पाण्यात पट्टा दिसला तर सगळा संच टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी.

आलेला क्रम ब्लास्टवर, म्हणजे प्रकाशित क्रमांशी जुळवून बघणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, टाका. कॉमन मॉर्मनशी ९९ टक्क्यांच्या आसपास जुळला तर पुढे चला. गांधीलमाशी किंवा माशी निघाली तर परजीवी. माणूस निघाला तर तो बहुतेक तुम्हीच. हा बारकोड फुकट जात नाही, असेंब्लीच्या, म्हणजे तुकडे जोडण्याच्या, वेळी सुरुवातीचा तुकडा (बीज) म्हणून तोच कामाला येतो.

पायरी ६: मशीन

पूर्वी लाँग पीसीआरने मोठे तुकडे वाढवून प्राइमर पुढे सरकवत सरकवत वाचायचे. त्यात महिने जात. आता जीनोम स्किमिंग, म्हणजे सगळा डीएनए वरवर वाचायचा आणि त्यातून मायटोकॉन्ड्रियाची साय काढून घ्यायची. इल्युमिना या छोट्या रीड्सच्या मशीनवर १५० अक्षरांच्या जोडरीड्स (तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून वाचलेल्या), २ गिगाबेस डेटा मागा. हिशोब असा: २ अब्ज अक्षरांत केंद्रकाचं २३ कोटींचं पुस्तक जेमतेम आठ-नऊ वेळा वाचून होतं. पण समजा त्यातलं एक टक्का जरी मायटोकॉन्ड्रियाचं असलं, तर २ कोटी अक्षरं. भागिले १५,३००, म्हणजे प्रत्येक अक्षर १,३०० वेळा वाचलं गेलं. पाव टक्का असलं तरी तीनशे वेळा. महापे-रबाळ्याकडे किंवा बाहेरगावी जिथे देणार असाल तिथून कोटेशन घेताना चार गोष्टी लेखी घ्या: लायब्ररीचा खर्च आत आहे की वेगळा, जीएसटी धरून की वर, कमीत कमी किती डीएनए हवा, आणि कच्च्या फास्टक्यू फाइल्स (मशीनने वाचलेल्या सगळ्या रीड्स) मिळणार का. मला एका ठिकाणाहून फक्त गाळलेला डेटा आला. कच्चा मागितला तेव्हा तो जागेअभावी पुसून झाला होता.

पायरी ७: जोडणी

लिनक्स येत नसेल तर अडून बसू नका, गॅलेक्सी या मोफत सेवेवर यातली बरीच अवजारं ब्राउझरमध्येच चालतात. आधी फास्टक्यूसीने डेटा बघा, फास्टपीने लायब्ररी बनवताना टोकांना चिकटवलेले अ‍ॅडाप्टर कापा. मग गेटऑर्गनेल या जोडणीच्या प्रोग्रॅमला प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा पर्याय देऊन चालवा. नशीब चांगलं असेल तर तासाभरात गोल बंद झालेला एकच क्रम मिळतो. नाही मिळाला तर नोव्होप्लास्टी हा दुसरा प्रोग्रॅम, बीज म्हणून तुमचा बारकोड. मात्र नोव्होप्लास्टीला अ‍ॅडाप्टर काढलेला पण गुणवत्तेनुसार न छाटलेला डेटा द्यायचा असतो; म्हणूनच कच्च्या फाइलींचा आग्रह.

क्रम मिळाला की रीड्स पुन्हा त्याच्यावर बसवून खोलीचा, म्हणजे कुठलं अक्षर किती वेळा वाचलं गेलं याचा, आलेख बघा. सगळीकडे हजारच्या आसपास आणि कंट्रोल रीजनमध्ये खड्डा, हे ठीक आहे. एटीने भरलेला भाग मशीनला जड जातो. पण मधलाच एखादा तुकडा एकदम नऊ-दहावर आला असेल तर सावध. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीत कधीतरी केंद्रकात जाऊन बसलेले असतात, आणि त्यातला एक तुमच्या बांगडीत शिरला असण्याची शक्यता असते.

गोल क्रम प्रोग्रॅम कुठूनही सुरू करतो. फुलपाखरांत तो मेथिओनिनच्या टीआरएनएपासून लिहायची पद्धत आहे, तिथे आणून फिरवा.

पायरी ८: डोळ्यांनी वाचणे

आता मिटोस चालवा; क्रमात कुठला जीन कुठे आहे ते हा प्रोग्रॅम शोधतो. जेनेटिक कोड (तीन-तीन अक्षरांचा अर्थ लावायचा तक्ता) निवडताना ५ क्रमांक, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा. इथे नेहमीचा कोड राहिला तर टीजीए म्हणजे प्रथिन संपल्याचा पूर्णविराम समजला जातो, खरं तर इथे तो ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आहे, आणि तुमच्या तेराही जीन्सची चाळण होते. "सर, सगळे जीन्स मोडलेत" असा फोन आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

मिटोसचा निकाल हा मसुदा. त्याच्यावर दोन संध्याकाळी घाला. एका बाजूला कॉमन मॉर्मनच्याच पॅपिलिओ जातकुळीतल्या (जीनसमधल्या) जवळच्या प्रजातीचा प्रकाशित मायटोजीनोम उघडा, दुसऱ्या बाजूला तुमचा, आणि जीनमागून जीन बघत चला.

सुरुवातीला टीआरएनएंचा क्रम मेथिओनिन, आयसोल्यूसिन, ग्लुटामिन असा हवा. हे फुलपाखरं-पतंगांचं घराणं; इतर बऱ्याच कीटकांत मेथिओनिन तिसरा येतो. पुढे सीओएक्स१, म्हणजे बारकोडवाला सीओआयच. याच्यावर माझी एक अख्खी रात्र गेली होती. पुस्तकात शिकलेलं असतं की जीन एटीजीने सुरू होतो, म्हणून मी टायरोसिनच्या टीआरएनएनंतर एटीजी शोधत बसलो. एक सापडलं, पण फार आत; तिथून मोजलं तर प्रथिनाची सुरुवातच गायब. दुसरं सापडलं ते वाचनचौकटीच्या बाहेर, म्हणजे तिथून तीन-तीन अक्षरं मोजली तर प्रथिन जुळेना. शेवटी दहा प्रकाशित क्रम एकाखाली एक लावले तेव्हा दिसलं की सगळे एकाच जागी, सीजीएवर, सुरू होतात. फुलपाखरांत सीओएक्स१ ची सुरुवात सहसा अशीच असते. तुमचा प्रोग्रॅम ती पुढे-मागे दाखवत असेल तर हाताने दुरुस्त करा.

सीओएक्स२ च्या शेवटी उलटं. तिथे पूर्णविराम अर्धाच दिसतो, नुसता एक टी, आणि लगेच लायसिनचा टीआरएनए सुरू. अक्षर गळलंय समजून जोडायला जाऊ नका. आरएनए बनल्यावर त्याच्या शेपटीला ए लागतात आणि टीएए पूर्ण होतो. एटीपी८ आणि एटीपी६ एकमेकांवर सात अक्षरं चढलेले असतात, तेही चूक नव्हे. सेरीनच्या दोन टीआरएनएंपैकी एकाला एक हात नसतो, म्हणून प्रोग्रॅम कधी त्याला ओळखत नाही. ३७ ऐवजी ३६ आले तर आधी त्यालाच शोधा. चौदा जीन्स उलट्या धाग्यावर हवेत: एनएडी१, ४, ४एल, ५, आठ टीआरएनए आणि दोन्ही आरआरएनए. कंट्रोल रीजनमध्ये छोट्या आरआरएनएच्या बाजूला एटीएजीए ही खूण आणि तिला लागून टीची लांब माळ दिसायला हवी. या माळेत टी १८ आहेत की १९, यावर मशीनचंही एकमत नसतं. बहुसंख्य रीड्स सांगतील ते लिहा आणि पुढे जा.

कुठल्याही प्रथिनाच्या मधोमध पूर्णविराम आला तर मात्र पुढे जाऊ नका. परत सातव्या पायरीवर, त्या जागेच्या रीड्स उघडून बघा.

नातेवृक्षाचं काम हा वेगळा विषय. एवढंच सांगतो की एका मायटोजीनोमवरून नवी प्रजात जाहीर करायची घाई नको. वोल्बाकिया नावाचा जिवाणू आईकडूनच पोरांत जातो, आणि तो पसरला की त्याच्यासोबत एकच मायटोकॉन्ड्रियल वंश सगळीकडे पसरून चित्र फसवं होतं.

पायरी ९: जमा करणे

जेनबँक या डीएनए-क्रमांच्या जागतिक साठ्यात बँकइट या फॉर्ममधून क्रम आणि जीन्सचा तक्ता भरता येतो. कच्च्या रीड्स एसआरए या त्यांच्या वेगळ्या साठ्यामध्ये. आपल्याकडे फरीदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे, तिथेही असा डेटा स्वीकारतात; कुठे टाकायचा ते गाइडला विचारून ठरवा. फॉर्ममध्ये ठिकाण, तारीख, यजमान झाड आणि नमुन्याचा क्रमांक विचारतात, तेव्हा तिसऱ्या पायरीवरची चिठ्ठी समोर ठेवा. तपासनीस शंका कळवतात, बहुतेक वेळा सीओएक्स१ च्या सीजीएवरूनच. शांतपणे उत्तर द्या.

क्रमांक मिळाला की बटर पेपरचं ते पाकीट काढा आणि पंखांना धक्का न लावता त्याच्या कोपऱ्यात तो क्रमांक लिहा. पेन्सिलीने.